कर्णावरचे दात

सलालाहमध्ये पावसाळ्याला ‘खरीफ’ म्हणतात. ऐकून तुम्हाला आपला खरीप हंगाम आठवला असेल, तर बरोबरच आहे. शब्द एकच, अरबीत त्याचा अर्थ शरद ऋतू. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे येणारे तेच नैऋत्य मोसमी वारे इथे धोफारच्या डोंगरांना अडतात. पण मुंबईसारखा पाऊस कोसळत नाही. वाऱ्यामुळे किनाऱ्याजवळचं खोलातलं थंड पाणी वर येतं, त्यावरून येणारी हवा गार होते आणि धुकं नि भुरभुर यांचा पडदा तीन महिने हलत नाही. बाकीचं आखात तेव्हा भाजून निघत असतं, त्यामुळे मस्कत, दुबई, रियाधकडच्या गाड्यांची इथे रीघ लागते. पाहुणे हिरवे डोंगर बघतात. रायसूतच्या औद्योगिक भागात लोखंडाशी झटणारे आम्ही गंज बघतो.

गेल्या खरीफातली गोष्ट. एका वर्कशॉपात (नाव सांगत नाही) दहा मिलिमीटर जाडीच्या प्लेटमधून त्रिकोणी गसेट कापायचे होते. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात आधाराला जो त्रिकोण वेल्ड करतात, तो गसेट. दोन बाजू समान, मध्ये काटकोन, तिसरी बाजू कर्ण. (महाभारतातला नव्हे, भूमितीतला.) सीएनसी प्लाझ्मा टेबलावर असे त्रिकोण कापणं म्हणजे रोजचंच काम. पण या वेळी कड करवतीसारखी येऊ लागली. बोट फिरवलं की खरखर लागायची.

कड खरखरीत आली तर काय बिघडलं, असं वाटेल. गसेटवर भार येतो तेव्हा त्याच्या कडेवरची प्रत्येक खाच ताण एकवटून घेते. भार एकदाच येणार असेल तर ठीक. पण कंप पावणाऱ्या यंत्राखाली तो लाखो वेळा येतो-जातो, आणि तडा सुरू होतो तो अशाच खाचेच्या तळाशी. म्हणून तपासणीला आलेल्या माणसाने ढिगातले आठ-दहा त्रिकोण हातात घेतले आणि सगळा ढीग बाजूला सारला. दोन मदतनीस दिवसभर ग्राइंडर घेऊन बसले. आणि सुपरवायझरने दोषी शोधला: टेबल चालवणारा केरळचा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. म्हणे सकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडत नाही, म्हणून हवेतून पाणी येतं, म्हणून काप बिघडतो. नुकसान त्याच्या पगारातून कापायचं ठरत होतं. मला सल्ल्याला बोलावलं तेव्हा मीही मान डोलावली, हे कबूल करून टाकतो. खरीफात प्लाझ्मा बिघडला की पहिला संशय पाण्यावरच जातो, आणि तो उगीच जात नाही.

का, ते आधी सांगतो. वायू इतका तापवला की अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूतून वीज वाहू लागते, तो प्लाझ्मा. हे नाव अर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ साली दिलं. धातू कापायला त्याचा वापर १९५०च्या दशकातला. अमेरिकेत रॉबर्ट गेज यांना त्याचं पेटंट १९५७ मध्ये मिळालं. टॉर्चच्या आत तांब्याचा इलेक्ट्रोड असतो आणि त्याच्या टोकाला हाफ्नियम या धातूचा दाण्याएवढा तुकडा बसवलेला. समोर नोझल, त्याला जेमतेम मिलिमीटरभराचं भोक. इलेक्ट्रोडपासून लोखंडाच्या प्लेटपर्यंत विजेचा चाप पेटतो, त्याला दाबाची हवा या भोकातून पिळून बाहेर काढते, आणि चापाच्या गाभ्यात तापमान वीस हजार अंशांच्या घरात जातं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांचा. लोखंड वितळतं, हवेचा झोत ते खाली उडवून देतो.

या हवेतून पाण्याचे थेंब गेले तर हाफ्नियमचा दाणा झपाट्याने झिजतो, चाप एका जागी ठरत नाही, नोझलचं गोल भोक वेडंवाकडं होतं. भोक वाकडं तर झोत वाकडा, झोत वाकडा तर काप वाकडा.

आता पाणी किती, ते बघा. हवा २६ अंशांवर, आर्द्रता ९५ टक्के: खरीफातली साधी सकाळ. अशा एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ असते. कॉम्प्रेसर ती हवा दाबून एक-अष्टमांश जागेत कोंबतो. दाबल्यावर गरम झालेली हवा टाकीत पुन्हा तीस अंशांवर आली, की तेवढ्या जागेत चारेक ग्रॅमच वाफ मावते. उरलेल्या १९ ग्रॅमचं पाणी होतं. साठेक अँपिअरचं यंत्र मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास हवा पितं, म्हणजे तासाला बारा घनमीटर. दिवसात चार तास चाप पेटता राहिला तर जवळजवळ एक लिटर पाणी! आता तेच यंत्र उचलून डोंगरापलीकडे थुमरैतच्या बाजूला न्या, गाडीने तासाभराची वाट. तिथे धुकं पोचत नाही, वाळवंट सुरू होतं. हवा ४० अंशांवर नि आर्द्रता १५ टक्के धरली, तर घनमीटरला आठ ग्रॅमसुद्धा वाफ नाही. तितकाच दाब द्या, टाकी ४५ अंशांवर असू द्या. तिथल्या हवेतून थेंबभरही पाणी सुटणार नाही. एकाच महिन्यात, एकाच रस्त्याच्या दोन टोकांना.

त्यामुळे आम्ही शहाण्यासारखं सगळं पाण्याचं केलं. टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, टॉर्चला नवा इलेक्ट्रोड नि नवं नोझल लावलं. चाप न पेटवता नुसती हवा सोडून टॉर्चखाली पांढरा कोरा कागद धरला. ही चाचणी तुम्हीही करून बघा, फुकट आहे. कागदावर ओले ठिपके आले तर पाणी, पिवळट डाग आले तर कॉम्प्रेसरचं तेल. आमचा कागद कोरा राहिला. पुन्हा गसेट कापला. दात तसेच!

शेजारच्या गाळ्यात कोल्हापूरकडचा एक फिटर आहे, शिरोली एमआयडीसीत पंधरा-वीस वर्षं काढलेला. चहाला आला होता. त्याने गसेट उचलला, उजेडाकडे तिरका धरला, अंगठ्याने कड चाचपली आणि म्हणाला, “साहेब, हे पाण्याचं काम न्हाई. पाणी असं मापून चावतंय व्हय?”

बघितलं, तर खरंच. दात सगळे एका मापाचे होते. आणि त्याहून मोठी गोष्ट, जी दोन दिवस आमच्या डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती: दात फक्त कर्णावर होते. काटकोनाच्या दोन्ही बाजू जवळजवळ स्वच्छ होत्या.

इथे जरा थांबा, आणि पुढचं वाचण्याआधी स्वतः विचार करा. तीच प्लेट, तोच टॉर्च, तीच हवा, तेच नोझल. दोन बाजू कापून टॉर्च तिसऱ्या बाजूला वळतो आणि काही सेकंदांत काप बिघडतो. पुढच्या त्रिकोणाच्या पहिल्या बाजूवर परत सुधारतो. पाण्याला कसं कळलं की आता कर्ण आला?

चापाला डावं-उजवं कळतं, हे खरं. टॉर्चमध्ये हवा गरगर फिरवून सोडतात, त्यामुळे पुढे जाणाऱ्या कापाची उजवी कड काटकोनात येते आणि डावी थोडी उतरती. म्हणून तर बाहेरची रेघ घड्याळाच्या दिशेने कापतात आणि आतली भोकं उलट दिशेने. पण टेबलाच्या दृष्टीने उभं, आडवं, तिरकं यातलं चापाला काहीही कळत नाही. दिशेनुसार काप बदलत असेल, तर दोष टॉर्चला चालवणाऱ्या यंत्रणेत शोधायचा, किंवा ज्या चित्रावरून ती चालते त्या चित्रात.

चित्राचा संशय लगेच फिटतो. काही वेळा संगणकावरची गोलाई फाइल बदलताना शेकडो बारक्या सरळ रेघांत मोडते आणि मग काप पैलूदार येतो. आमचा कर्ण एकच सरळ रेघ होता, तरी खात्री करून घेतली. तोच त्रिकोण चित्रात ४५ अंश फिरवला, म्हणजे कर्ण टेबलाच्या लांबीला समांतर आला आणि दोन बाजू तिरक्या झाल्या. कापला. कर्ण स्वच्छ, दोन्ही बाजूंना दात. दोष तुकड्याबरोबर फिरला नाही, टेबलाला धरून राहिला. ही एक चाचणी मी आता सगळ्यांत आधी करतो. पाच मिनिटांत निम्मं जग संशयातून सुटतं.

मग फूटपट्टी घेतली. दोन दातांमधलं अंतर मोजू नका, चूक होते. दहा अंतरं एकदम मोजा आणि दहाने भागा. आमची दहा अंतरं साडेचव्वेचाळीस मिलिमीटर भरली. म्हणजे एक दात ४.४ च्या थोडा वर.

हे अंतर काय सांगतं, ते समजायला अजून एक काप लागतो, वेगळ्या वेगाने. आम्ही मिनिटाला १५०० मिलिमीटर वेगाने कापत होतो, म्हणजे सेकंदाला २५. समजा, टॉर्चची उंची सांभाळणारा टीएचसी गोंधळलाय. हा चापाचा व्होल्टेज बघून टॉर्च वर-खाली करतो, कारण उंची वाढली की व्होल्टेज वाढतो. त्याची संवेदनशीलता जास्त ठेवली तर तो भित्र्या ड्रायव्हरसारखा सारखा इकडे-तिकडे करत राहतो, सेकंदाला पाच-सहा वेळा सहज. २५ भागिले ५.६ करा: साडेचार मिलिमीटरचे दात! आकडा आमच्याशी जुळतो की. पण टीएचसीचं घड्याळ सेकंदांवर चालतं. वेग १००० वर आणला तर त्याचे दात जवळ येऊन तीन मिलिमीटरवर यायला हवेत. विजेच्या गडबडीचंही तसंच. ओमानमध्ये, आपल्यासारखीच, ५० हर्ट्झची वीज आहे. तिची थरथर कापात उतरली तर वेगानुसार पसरते किंवा आकसते. उलट एखाद्या चाकाच्या, पट्ट्याच्या किंवा स्क्रूच्या दोषाला सेकंद माहीत नसतात, त्याला फक्त मिलिमीटर माहीत. वेग कितीही ठेवा, दात तिथेच.

१००० वर कापलं. काप जरा घाण आला, खाली स्लॅग जास्त लटकला, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. दहा अंतरं: साडेचव्वेचाळीस. तसूभर हललं नाही. टीएचसी सुटला, वीज सुटली. आता यंत्रात अंतराशी बांधलेलं काय काय आहे?

या टेबलावर आडवा पूल, म्हणजे गँट्री, दोन रुळांवरून लांबीला धावते आणि टॉर्च त्या पुलावरून रुंदीला. दोन्हीकडे रॅक-पिनियन. रॅक म्हणजे दातांची सरळ पट्टी, पिनियन म्हणजे मोटरला बसवलेलं छोटं दातेरी चाक. दातांचा आकार ‘मोड्यूल’ या आकड्यात सांगतात, आणि रॅकच्या एका दातापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर असतं मोड्यूल गुणिले पाय. तोच शाळेतला पाय. आमची रॅक मोड्यूल एकची, म्हणजे दातांमधलं अंतर ३.१४ मिलिमीटर.

पण मोजलेत तर ४.४५! कागदावर आकडे लिहून मी दोन मिनिटं बघत बसलो. मग ट्यूब पेटली. कर्ण ४५ अंशांत होता. टॉर्च तिरका ४.४५ मिलिमीटर जातो तेव्हा लांबीच्या रुळावर पिनियन किती पुढे सरकतं? भागिले दोनचं वर्गमूळ, म्हणजे भागिले १.४१४. उत्तर ३.१५. कापलेल्या लोखंडाच्या कडेवर पायची किंमत उमटली होती, आणि आम्ही ग्राइंडरने घासून टाकत होतो.

सरळ बाजूंवर दात का नव्हते, तेही इथेच उलगडतं. रॅकच्या प्रत्येक दाताला पिनियन किंचित अडखळत असेल, तर चूक होते ती रुळाच्या दिशेने: टॉर्च क्षणभर मागे राहतो, मग पुढे उडी मारतो. रुळाला समांतर कापत असाल तर ही चूक रेघेच्याच दिशेने जाते. रेघेवरच मागे-पुढे झालं, कड फारशी हलत नाही. रुळाच्या काटकोनात कापताना ते पिनियन थांबलेलंच असतं. तिरकं कापताना मात्र चुकीचा काही भाग रेघेच्या बाहेर पडतो, आणि रेघ नागमोडी होते. वर्तुळ कापलं असतं तर चार ठिकाणी स्वच्छ आणि अधेमधे दातेरी असं दिसलं असतं.

एक प्रश्न उरला. रॅक तर लांबीलाही आहे आणि रुंदीलाही, दोन्ही मोड्यूल एकच्या. ४५ अंशांत दोघींचं उत्तर सारखंच येणार. मग कोण? इथे आमच्या ‘दोषी’ मुलाने डोकं चालवलं. आयटीआय शिकलेला आहे तो. म्हणाला, पंचेचाळीस सोडा, तीस अंशांची रेघ कापू. रेघ लांबीच्या रुळाशी तीस अंश ठेवली, तर लांबीच्या रॅकचे दात ३.६ मिलिमीटरवर पडतील, रुंदीच्या रॅकचे ६.३ वर. दहा अंतरांत छत्तीस की त्रेसष्ट, डोळ्यांनीही चुकणार नाही. कापली. छत्तीस.

मुख्य स्विच बंद करून लांबीचे दोन्ही रूळ तपासले. उजवीकडचा ठीक. डावीकडच्या रॅकच्या दातांच्या बुडाशी काळपट तपकिरी पापुद्रा बसलेला, नखाने निघेना. प्लाझ्माने कापताना लोखंडाच्या ऑक्साइडची पिठासारखी बारीक धूळ उडते. ती रॅकवर बसतेच, कोरडी असली तर फुंकरीने जाते. पण डावा रूळ शटरच्या बाजूला आहे, आणि खरीफात उजेड-वाऱ्यासाठी शटर दिवसभर अर्धं उघडं असतं. भुरभुर आत येते, धूळ भिजते, जुन्या ग्रीसमध्ये मळली जाते आणि सिमेंटसारखी घट्ट होते. पिनियनचा दात बुडापर्यंत जाण्याऐवजी त्या थरावर चढायचा आणि उतरायचा. दर ३.१४ मिलिमीटरला.

म्हणजे पाणी दोषी होतंच! फक्त आम्ही त्याला हवेच्या नळीत शोधत होतो आणि ते उघड्या दारातून आलं होतं. फिटरला हे सांगितल्यावर तो एवढंच म्हणाला, “मापून चावत न्हाई म्हटलं हुतं, येत न्हाई म्हटलं नव्हतं.”

थर काढायला दीड तास लागला. टोकदार सळईने प्रत्येक दाताचं बूड मोकळं केलं, डिझेल लावून वायर ब्रश मारला, कोरड्या फडक्याने पुसलं. रॅकला परत ग्रीस लावलं नाही. उघड्या रॅकवर ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण, असं माझं मत आहे. काही जण कोरडं वंगण फवारतात, ते चालेल. मग पिनियन पुन्हा बसवताना दातांमध्ये पातळ कागदाची पट्टी ठेवून दाबलं, बोल्ट आवळले, मोटर हाताने फिरवून पट्टी बाहेर काढली. कागदाच्या जाडीइतकी फट राहिली, तेवढीच हवी.

तुमच्या कापावरचे दात वेगळ्या मापाचे असतील. पट्ट्यावर चालणाऱ्या छोट्या टेबलात पट्ट्याच्या दातांचं अंतर शोधा, बहुधा तीन किंवा पाच मिलिमीटर. बॉलस्क्रू असेल तर त्याच्या एका फेऱ्याचं, पाच किंवा दहा. नागमोड लांब आणि संथ असेल, तर पिनियनच्या एका फेरीचा हिशेब करा: मोड्यूल एकचं वीस दातांचं पिनियन एका फेरीत ६२.८ मिलिमीटर जातं, आणि ते केंद्रापासून जरा सरकून बसलं असेल तर लाट तेवढीच लांब येते. टीएचसीवर संशय असेल तर तो बंद करून सपाट प्लेटवर एक काप घ्या. दातांना मापच नसेल, कुठेही कसेही येत असतील, तेव्हा मात्र परत नोझलकडे, पाण्याकडे आणि अर्थिंगच्या चिमट्याकडे या. तो चिमटा गंजलेल्या टेबलाला न लावता थेट प्लेटला लावा. खरीफात टेबलाच्या पट्ट्यांवर जो लाल थर चढतो, त्यातून वीज नीट जात नाही.

उरलेले गसेट त्याच संध्याकाळी कापले, तपासणीत सगळे पास झाले. पगाराचा विषय पुन्हा निघाला नाही. सुपरवायझर त्या मुलाला काही बोलला का, ते विचारायला मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी तिघांना शेजारच्या हॉटेलातून पराठे मागवले गेले, ते बहुधा त्याचंच.

शटरला आता प्लास्टिकचा पडदा आहे आणि दर गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवारच्या सुट्टीआधी, रॅकवर कोरडा ब्रश फिरतो. तीस अंशांचा तो तुकडा कंट्रोलरच्या बाजूला तारेने टांगून ठेवलाय. त्यावर मुलाने मार्करने ३६ लिहून भोवती गोल केलाय.